परराष्ट्र धोरणाची डिबेट बघून लगेच रिअ‍ॅक्शन देताय? आधी हे करून बघा

सकाळी साडेसहाचा गजर लावून अमेरिकेच्या अध्यक्षपदाची डिबेट बघणारे आपल्याकडे मोजकेच, पण आठ वाजेपर्यंत "आज धुतला बघ त्याला" असं छातीठोक सांगणारे घरोघरी सापडतात, आणि त्यातल्या निम्म्यांनी अर्ध्या मिनिटाच्या क्लिपपलीकडे काही बघितलेलं नसतं. मीही त्यातलीच होते. नणंद न्यू जर्सीत एडिसनला राहते, तिच्या नादाने २००८ पासून या डिबेट बघायला लागले आणि दरवेळी कोण जिंकलं हे मी तिला विचारायचे, ती टीव्हीवरच्या पॅनेलला विचारायची (म्हणजे ते जे बोलतील तेच मला सांगायची), आणि मी तेच ऑफिसात माझं मत म्हणून ठोकून द्यायचे. मग २०१२ ला एक वही केली. खाली जे सांगतेय ते त्या वहीतून आलेलं आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. महागाईवर डिबेट असली की बघणाऱ्याकडे स्वतःचं काहीतरी असतं, दुधाचं बिल, घराचा हप्ता, गेलेली नोकरी. उमेदवार काहीही बोलला तरी माणूस मनात पडताळून बघतो. सीरिया, तैवान, इराणचा अणुकार्यक्रम याबाबतीत तसं काही नसतं, ना तिकडच्या मतदाराकडे ना आपल्याकडे. मग माणूस बघतो कोणाला? चेहऱ्याकडे. कोण अडखळला, कोण हसला, कोणाच्या तोंडून टाळीचं वाक्य गेलं. आणि तेवढ्यावर बनलेलं मत दुसऱ्या कुणाच्याही मताने लगेच हलतं. म्हणून परराष्ट्र धोरणाच्या डिबेटला ही सगळी खटपट करायची, बाकीच्यांना नाही केली तरी चालेल.

आदल्या रात्री

वेळ आधी बघून घ्या. तिकडे पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ६:३०, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. दीड तास चालते, कधी थोडी लांबते. म्हणजे आठपर्यंत डबे, अंघोळ, शाळेची बस असलं काही अंगावर घेऊ नका किंवा घरातल्या दुसऱ्या कुणावर टाका. (२०२४ ची हॅरिस-ट्रम्प डिबेट आपल्याकडे ११ सप्टेंबरला सकाळी होती, त्या दिवशी गौरीपूजन, पुरण शिजत होतं आणि मी इअरफोन लावून स्वयंपाकघरात. सासूबाईंना वाटलं आरती ऐकतेय.)

वहीचं एक पान घ्या, तीन रकाने पाडा. वेळ, काय म्हणाले, मला काय वाटलं. आणि सगळ्यात वर, डिबेट सुरू व्हायच्या आधी, प्रामाणिकपणे लिहा की तुम्हाला दोघांपैकी कोण आवडतो आणि दहापैकी किती मार्क. हे टाळू नका. मी पहिल्यांदा, २०१२ ला, लिहिलं तेव्हा ओबामाला ८ आणि रॉमनीला ३ दिले होते, मग डिबेट संपल्यावर "ओबामाच जिंकला" असं मला वाटलं त्यात नवल ते काय.

फोन दुसऱ्या खोलीत. उलटा ठेवून उपयोग नाही, तो थरथरला की हात जातोच.

आणि परराष्ट्र धोरणाची डिबेट म्हटली तरी सगळा वेळ परराष्ट्र धोरणावर बोलतील अशी अपेक्षा ठेवू नका. २६ सप्टेंबर २००८ ला मिसिसिपी युनिव्हर्सिटीत ओबामा-मॅकेन यांची पहिली डिबेट होती, विषय ठरलेला परराष्ट्र धोरण, पण अकराच दिवस आधी लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली होती, त्यामुळे सुरुवातीचा बराच वेळ बँका आणि बेलआउटवरच (बुडत्यांना सरकारी पैसे) गेला. २०१२ ला बोका रेटनमध्ये तर दोघं फिरून फिरून शाळा, शिक्षक आणि डेट्रॉइटच्या गाड्यांच्या कारखान्यांवर यायला लागले, शेवटी मॉडरेटर बॉब शीफर म्हणाले की शिक्षक आपल्या सगळ्यांनाच आवडतात. असा भाग आला की वहीत नुसती रेघ ओढा. त्या भागात कोणी चांगलं बोललं असेल तर ते मार्क परराष्ट्र धोरणाच्या खात्यात जमा करायचे नाहीत. लोक नेमकं हेच करतात.

डिबेट चालू असताना

पहिलं म्हणजे स्क्रीनखालची ती वळवळणारी रेघ झाका. काही चॅनल दाखवतात, सीएनएनने २००८ ला दाखवली होती, ओहायोतल्या, मत कुणाला द्यायचं ते अजून न ठरवलेल्या मतदारांच्या हातात बटणाचं यंत्र देतात, बोलणं आवडलं की फिरवा वर, नाही आवडलं की खाली, आणि त्याची रेघ लाइव्ह पळते. बघायला मजा येते, पण तुमचं मत जातं. ब्रिटनमध्ये २०१० च्या निवडणुकीत काही संशोधकांनी दीडशेच्या आसपास माणसांना नेत्यांची डिबेट लाइव्ह दाखवली आणि खाली मुद्दाम खोटी रेघ सोडली, एका गटाला एका नेत्याच्या बाजूने झुकलेली, दुसऱ्या गटाला दुसऱ्याच्या. कोण जिंकलं असं नंतर विचारलं तर ज्याला जशी रेघ दिसली तसं त्याचं उत्तर. लोकांना कळलंही नाही. माझा उपाय अगदी गावठी आहे, टीव्हीच्या खालच्या पट्टीवर वर्तमानपत्र चिकटवते. लॅपटॉपवर बघत असाल तर खिडकी थोडी खाली सरकवा.

दुसरं, कान आणि डोळे वेगळे वापरून बघा. पहिली वीस मिनिटं नेहमीसारखी बघा, मग दहा मिनिटं पाठ फिरवून नुसतं ऐका, मग पाच मिनिटं आवाज बंद करून नुसतं बघा. प्रत्येक टप्प्यानंतर कोण पुढे वाटतोय ते वहीत टाका. मला दर वेळी फरक सापडलाय. १९६० च्या केनेडी-निक्सन डिबेटची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, टीव्हीवाल्यांना केनेडी जिंकला वाटला आणि रेडिओवाल्यांना निक्सन, ती इतकी वेळा सांगितली गेलीय की लोक ती सिद्ध झालेली मानतात, पण ती एका सर्व्हेवर उभी आहे आणि त्यावर अभ्यासकांनी बऱ्याच शंका काढल्यात. शिवाय त्या वर्षी चार डिबेट झाल्या आणि ही गोष्ट पहिलीची, जी देशांतर्गत प्रश्नांवर होती. परराष्ट्र धोरणाची चौथी, २१ ऑक्टोबरची, तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही.

चेहऱ्याचं खरं उदाहरण हवं तर २००४ घ्या. ३० सप्टेंबर, मायामी युनिव्हर्सिटी, बुश विरुद्ध केरी, विषय इराक आणि दहशतवाद. दोन्ही पक्षांनी बत्तीस पानी करार केला होता, त्यात एक कलम असं की एकजण बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही. चॅनलवाले म्हणाले आम्ही कुठे सही केलीय, आणि स्क्रीन दोन भागात करून खुशाल दाखवला. केरी बोलत असताना बुश यांच्या कपाळावर आठ्या, ओठ मुडपलेले, नजर इकडेतिकडे. ६ कोटींवर लोकांनी ते बघितलं, आणि त्या रात्रीच्या गॅलप पोलमध्ये कोण जिंकलं असं विचारलं तर केरी ५३ टक्के, बुश ३७. आता तीच डिबेट नुसती वाचून काढा, मी नंतर काढली, बुश यांचं बोलणं तितकं पडेल वाटत नाही, "हे कठीण काम आहे" हे पालुपद सोडलं तर. मग हरले कशात, मुद्द्यात की आठ्यांत? वहीत "मला काय वाटलं" च्या रकान्यात लिहिताना चेहऱ्यावरून वाटलं असेल तर बाजूला च लिहा, शब्दांवरून वाटलं असेल तर श. शेवटी च किती आणि श किती ते मोजायचं. मॅकेन २००८ ला ओबामांकडे जवळजवळ बघतच नव्हते, दुसऱ्या दिवशी तीच चर्चा, ती सगळी च मध्ये जाईल.

टाळीच्या वाक्याचं काय करायचं

हा भाग जरा सावकाश घ्या, कारण डिबेटनंतर लोकांच्या तोंडी राहतं ते हेच.

२२ ऑक्टोबर २०१२, लिन युनिव्हर्सिटी, बोका रेटन, फ्लोरिडा. ओबामा-रॉमनी तिसरी डिबेट, पूर्ण परराष्ट्र धोरणावर. त्याच रात्री तिकडे बेअर्स-लायन्सची फुटबॉल मॅच आणि बेसबॉलचा निर्णायक सातवा सामना होता, तरी ५ कोटी ९२ लाख लोकांनी डिबेट बघितली, पहिल्या दोन डिबेटपेक्षा कमी पण तरी. रॉमनी म्हणाले की आपलं नौदल १९१७ नंतर कधी नव्हतं इतकं लहान झालंय. ओबामांनी उत्तर दिलं की हो, आपल्याकडे घोडे आणि संगिनीही कमी झाल्यात, लष्कराचं स्वरूप बदललंय, आता विमानवाहू जहाजं असतात ज्यांच्यावर विमानं उतरतात, पाण्याखालून जाणाऱ्या आण्विक पाणबुड्या असतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची सकाळ, दसऱ्याच्या आदला दिवस, म्हणजे खंडेनवमी! घरात शस्त्रपूजेला विळी-अडकित्ता मांडलेला आणि टीव्हीवर संगिनी. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "घोडे – एक नंबर!!" आणि शेजारी रॉमनीला भोपळा.

आता पद्धत सांगते. टाळीचं वाक्य आलं की वेळ लिहा, वाक्य लिहा, आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडा. डिबेट संपल्यावर त्या मोकळ्या ओळीत लिहायचं, मूळ प्रश्न काय होता आणि या वाक्याने त्याचं उत्तर मिळालं का. घोड्यांच्या बाबतीत मूळ प्रश्न होता संरक्षण खर्च आणि जहाजांची संख्या. ओबामांच्या वाक्यात मुद्दा होता, नाही असं नाही, जहाजांची नुसती मोजदाद करून ताकद कळत नाही हा. पण समोरचा जे विचारत होता, की पुढच्या गरजेला जहाजं पुरतील का, ते हसण्यात वाहून गेलं. आणि संगिनी तर अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या ट्रेनिंगमध्ये अजून आहेत, हे तेव्हा काही जणांनी लगेच दाखवून दिलं होतं. म्हणजे वाक्य भारी, उत्तर अर्धं. भोपळ्याचे मी नंतर साडेतीन केले.

उलट बाजूही तपासा, म्हणजे जे वाक्य ऐकून तुम्हाला काहीच वाटलं नाही ते. त्याच डिबेटमध्ये रॉमनी म्हणाले की सीरिया हा इराणचा समुद्राकडे जायचा रस्ता आहे. मी मान डोलावली. नवऱ्याने मुलीचा शाळेचा अ‍ॅटलास उघडून समोर धरला, इराणला स्वतःचा केवढा मोठा किनारा आहे, आणि मध्ये अख्खा इराक. परराष्ट्र धोरणाची डिबेट बघताना अ‍ॅटलास शेजारी ठेवाच, फोन दुसऱ्या खोलीत आहे ना.

विनोद हा प्रकार वेगळा मोजा. २१ ऑक्टोबर १९८४, कॅन्सस सिटी, विषय संरक्षण आणि परराष्ट्र धोरण. अध्यक्ष रेगन ७३ वर्षांचे, पहिल्या डिबेटमध्ये अडखळले होते, सगळ्यांना त्यांच्या वयाची शंका. प्रश्न आला की संकटात रात्र रात्र जागायला लागलं तर झेपेल का. रेगन म्हणाले की मी या निवडणुकीत वयाचा मुद्दा काढणार नाही, प्रतिस्पर्ध्याच्या तरुणपणाचा आणि अननुभवाचा राजकीय फायदा मी उठवणार नाही. हॉल हसला, समोरचे प्रतिस्पर्धी मोंडेल स्वतःही हसले, आणि वयाचा विषय तिथेच मिटला. त्याच डिबेटच्या शेवटी रेगन समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याची कुठलीतरी गोष्ट सांगत इतके भरकटले की वेळ संपली म्हणून मॉडरेटरने थांबवलं. ते कुणाला आठवतं? शंका होती ती तर त्या भरकटण्यातच दिसत होती.

देशाचं नाव आलं की

ही युक्ती मला फार उशिरा सापडली, आणि आता सगळ्यात जास्त मजा यातच येते. कुठल्याही देशाचं नाव आलं की स्वतःला विचारा, हे वाक्य कोण ऐकायला बसलंय आणि तो कुठल्या राज्यात राहतो.

पोलंड घ्या. अमेरिकन अध्यक्षीय डिबेटमध्ये पोलंड इतक्या वेळा मध्ये येतो की मी वहीत त्याचा वेगळा कोपराच केलाय. १९७६ ला फोर्ड यांनी पोलंडवरून माती खाल्ली, त्याचं पुढे सांगते. २००४ ला केरी म्हणाले की इराकमध्ये आपल्यासोबत कोण, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आपण, तर बुश म्हणाले, हे पोलंडला विसरले. त्याच्यावर इंटरनेटवर इतके विनोद झाले की बास. आणि २०२४ ला फिलाडेल्फियात युक्रेनचा विषय निघाल्यावर हॅरिस ट्रम्पना म्हणाल्या, इथे पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या ८ लाख पोलिश अमेरिकनांना सांगा ना की तुम्ही किती लवकर माघार घ्याल. आता बघा, बोलणं चाललंय युक्रेन आणि पुतिनचं, पण नेम आहे पेनसिल्व्हेनियाच्या १९ इलेक्टोरल मतांवर (अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या या मतांवर). हे एकदा दिसायला लागलं की अर्ध्या परराष्ट्र धोरणाच्या मागे कुठलं तरी राज्य दिसतं.

आणि आपला देश आला की? तेव्हा तर जास्तच सांभाळा, कारण तिथे रिअ‍ॅक्शन आधी येते आणि वाक्य नंतर कळतं. २२ ऑक्टोबर २०२० ला नॅशव्हिलमध्ये ट्रम्प म्हणाले, चीन बघा किती घाण आहे, रशिया बघा, भारत बघा, घाण आहे, हवा घाण आहे. आपल्याकडे सकाळी भडका. त्याच वर्षी फेब्रुवारीत अहमदाबादला मोटेरावर एवढं स्वागत केलं त्याची ही परतफेड का, असं एक गट, आणि दिल्लीची ऑक्टोबरातली हवा बघून बोला मग, त्यात खोटं काय, असं दुसरा गट. आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन काका दोन दिवस बोलत नव्हते. मूळ प्रश्न हवामान बदलाचा होता आणि ट्रम्प आपण पॅरिस करारातून का बाहेर पडलो याचं समर्थन करत होते, म्हणजे भारत तिथे नुसता उदाहरणाला आला होता, पण हे दोन्ही काकांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. दोघांनी पाच सेकंदांची क्लिप बघितली होती. दोन दिवसांनी बायडेन यांनी मित्रांबद्दल असं बोलत नाहीत असं ट्वीट केलं, तेही कुणासाठी होतं ते आता तुम्हाला कळेलच. एडिसनला नणंदेच्या शेजारी लगेच फिरलं ते.

थोडक्यात काय, देशाचं नाव आलं की त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक मिनिट वहीत हवं.

ग्रुपने बघत असाल तर

हे पटकन सांगते. पाच-सहा जण एकत्र बसले की जो पहिला हसतो किंवा "च्यायला" म्हणतो त्याच्या मागे सगळे जातात. म्हणून डिबेट संपली की टीव्ही लगेच बंद, आणि बोलायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची, भिशीला टाकतो तशी, कोण बरा वाटला आणि एक कारण. मग उघडायच्या. नणंदेकडे हे केलं तर कळलं की ज्यांना आम्ही ओबामाचे पक्के समजत होतो त्यातल्या एकाने रॉमनीचं नाव लिहिलं होतं, तोंडाने तो कधीच बोलला नसता.

संपल्यावर चोवीस तास

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठी १९७६ माहीत हवं.

६ ऑक्टोबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को. अध्यक्ष फोर्ड विरुद्ध जिमी कार्टर, दुसरी डिबेट, विषय परराष्ट्र धोरण, शीतयुद्ध अजून चालू. न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकेल यांनी रशियाशी संबंधांवर प्रश्न विचारला आणि उत्तर देता देता फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही आणि माझ्या कारकिर्दीत कधी असणारही नाही. फ्रँकेलना खरं वाटेना, त्यांनी सावरायची संधी देत परत विचारलं, तर फोर्ड आणखी पुढे, युगोस्लाव्हियाचे लोक, रुमानियाचे लोक, पोलंडचे लोक स्वतःला रशियाच्या टाचेखाली समजत नाहीत. सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये बसलेल्या असताना हे! त्यांना म्हणायचं होतं की अमेरिका ते वर्चस्व मान्य करत नाही, पण बोलले भलतंच.

आता प्रेक्षकांचं बघा. फोर्ड यांच्याच बाजूचे पोलवाले रात्री लोकांना फोन करत होते आणि डिबेट संपल्या संपल्या ज्यांना विचारलं त्यांच्यात फोर्डची स्थिती चांगली होती, पूर्व युरोपचं वाक्य फारसं कुणी काढलंच नाही. मग बातम्या सुरू झाल्या, दुसऱ्या दिवसाची वर्तमानपत्रं आली, सगळीकडे तेच एक वाक्य. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत विचारलेल्यांमध्ये कार्टर मोठ्या फरकाने पुढे, आणि लोक स्वतःहून पूर्व युरोपचं नाव काढायला लागले. डिबेट तीच, बघणारे तसेच. फोर्डनी पण कबूल करायला बरेच दिवस घालवले, त्यामुळे बातमी रोज ताजी राहिली.

यातून दोन्ही अर्थ निघतात हां. एक असा की मीडियाने लोकांचं मत फिरवलं. दुसरा असा की लोकांना त्या क्षणी चूक कळलीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी समजावून सांगितल्यावर कळली, आणि चूक खरोखर मोठी होती. मला दुसराही तितकाच पटतो. म्हणून मी असं करते की संपल्याबरोबर, चॅनलवर पक्षांची माणसं येऊन "आमचाच जिंकला" सुरू करायच्या आधी, वहीत निकाल लिहायचा, वेळ टाकायची. मग दिवसभर जे वाचायचं ते वाचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत निकाल लिहायचा, पहिला न बघता. दोन्हीत फरक पडला तर शोधायचं की मधे मला एखादी नवीन माहिती मिळाली (पोलंडमध्ये फौजा आहेत) की नुसतं मत मिळालं (तो गोंधळलेला दिसत होता). माहितीने मत बदललं तर ठेवा. मताने बदललं तर जुनंच ठेवा.

पोल वाचायची रीत

पोलचा आकडा दिसला की पहिला प्रश्न, विचारलं कुणाला? १९८० ला कार्टर-रेगन डिबेटनंतर एबीसीने फोन नंबर दिला, ज्याला वाटेल त्याने फोन करून मत द्या, प्रत्येक फोनला ५० सेंट. सात लाखांच्या आसपास फोन आले आणि रेगन दोनास एक पुढे. आकडा केवढा मोठा, पण त्यात फक्त उत्साही आणि पैसे मोजायला तयार असलेले लोक. आजचे वेबसाइटवरचे क्लिकवाले पोल त्याच जातीचे, फक्त ५० सेंटही लागत नाहीत. २०१६ च्या पहिल्या डिबेटनंतर ट्रम्प असेच ऑनलाइन पोल दाखवत होते, आणि त्याच रात्री सीएनएनने डिबेट बघितलेल्या मतदारांना विचारलं तर क्लिंटन ६२, ट्रम्प २७.

बरं, नीट केलेला पोल असला तरी डिबेट बघणारे म्हणजे सगळे मतदार नाहीत. ज्याचा पक्ष जोरात असतो त्याचे लोक जास्त बघतात, हे पोलवाले स्वतःच खाली लिहितात, आपण वाचत नाही. आणि काही जण फक्त न ठरवलेल्यांना विचारतात. २०१२ च्या त्या घोड्यांच्या डिबेटला सीएनएनचा निकाल ओबामा ४८, रॉमनी ४०, आणि सीबीएसने न ठरवलेल्यांना विचारलं तर ओबामा ५३, रॉमनी २३, बाकीचे बरोबरी म्हणणारे. एकीकडे ८ चा फरक, एकीकडे ३० चा. दोन्ही खरे, माणसं वेगळी.

दुसरा प्रश्न, विचारलं काय? "कोण जिंकलं" आणि "मत कुणाला" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि परराष्ट्र धोरणात तर फारच. त्याच सीएनएन पोलमध्ये निम्मे लोक म्हणाले की या डिबेटने आमच्या मतावर काही परिणाम नाही, आणि उरलेले जवळजवळ समसमान वाटले गेले. शिवाय रॉमनी सेनापती म्हणून झेपतील का याला ६० टक्के हो म्हणाले, ओबामांना ६३. म्हणजे रॉमनी "हरले" पण त्यांना जे हवं होतं, की लोकांनी मला त्या खुर्चीत कल्पून बघावं, ते बरंचसं मिळालं. आणि केरी? ५३-३७ ने डिबेट जिंकली, नोव्हेंबरात निवडणूक हरले.

वही फेकू नका

परराष्ट्र धोरणाच्या रिअ‍ॅक्शनचा निकाल कधीकधी दहा वर्षांनी लागतो. २०१२ लाच ओबामांचं अजून एक टाळीचं वाक्य होतं. रॉमनी त्या मार्चमध्ये म्हणाले होते की रशिया हा आपला एक नंबरचा भूराजकीय शत्रू आहे. ओबामा म्हणाले, १९८० चं दशक फोन करतंय, त्यांचं परराष्ट्र धोरण परत मागतंय, शीतयुद्ध संपून वीस वर्षं झाली. सगळे हसले. रॉमनी त्यावर म्हणाले की रशिया आणि पुतिन यांच्याकडे मी गुलाबी चष्म्यातून बघणार नाही, ते कुणी ऐकलं पण नाही. मग २०१४ ला रशियाने क्रिमिया घेतला, २०१९ ला मॅडलिन अल्ब्राइट, ज्या स्वतः डेमोक्रॅटिक परराष्ट्रमंत्री होत्या, त्यांनी संसदेच्या समितीसमोर सांगितलं की रॉमनींची माफी मागायला हवी, आणि २०२२ ला रशियाचा युक्रेनवर हल्ला.

म्हणून जुनी पानं खोडायची नाहीत, खाली वेगळ्या शाईने तारीख टाकून लिहायचं. माझ्या वहीत त्या वाक्यासमोर ६:३५ की ६:४० अशी वेळ आहे, आकड्यावर चहाचा डाग पडलाय. पुढे निळ्या शाईत "हा कुठल्या जमान्यात राहतो" आणि रॉमनीच्या नावाशी एक हसरा चेहरा काढलाय. खाली लाल शाईत २४ फेब्रुवारी २०२२, आणि पुढे काहीच लिहिलेलं नाही.